दोन टप्प्यांच्या मधलं

रत्नागिरी मला थांब्यांनी पाठ आहे.
मारुती मंदिर, जयस्तंभ, गाडीतळ, धनजी नाका:
झोपेत घंटी वाजवा, पुढचं नाव सांगीन.
पण एकोणतीस वर्षं शहर बसवर काढली
आणि या गावात मी कधी उतरलोच नव्हतो.

आज उतरलो. रीतसर तिकीट काढून.
नव्या पोरानं ते यंत्रातून फाडून दिलं,
तोंडाकडे पाहिलंही नाही. बरं झालं.

मग चाललो,
जिथून आजवर नुसती खिडकी गेली होती तिथून.

रामआळीत भांड्यांच्या दुकानावर
भर दुपारी नाटकाची तालीम चालली होती.
एकच वाक्य, चौथ्यांदा,
"आता मी कुठं जाऊ?"
"रडू नकोस," कुणी दटावलं, "विचार. खरंच विचार."
पेटीवाल्यानं एक सूर तसाच धरून ठेवलेला,
जशी मी गाडी धरायचो
लांबून पळत येणाऱ्या म्हातारीसाठी.
पाचव्यांदा ती मुलगी विचारायच्या आत
मी निघालो.

पुढे उतार.
खाडी आली हे सांगायला कंडक्टर लागत नाही.
आधी सुकटीचा वास, मागून डिझेलचा,
मग जांभ्याच्या गडग्यांवर पसरलेली जाळी,
हिरवी, निळी, एक मळकट गुलाबी,
आणि घराघरांच्या फटीतून
ओहोटीच्या चिखलात कुशीवर झोपलेल्या होड्या.

राजिवडा.
माझ्या लेखी हा सकाळचा सहा-दहाचा फेरा:
पाट्या, पाट्यांखाली बाया,
"पाणी गळतंय, मागं ठेवा" हे माझं रोजचं वाक्य.
त्या कुठून चढतात ते ठाऊक होतं,
कुठून येतात ते नव्हतं.
येतात त्या इथून. या दोन हात रुंद बोळातून,
जिथं नळाखाली हंड्यांची रांग आहे
आणि भिंतीला टेकवलेलं वल्हं
कुणाच्या तरी शाळेच्या दप्तराची खुंटी झालंय.

उंबऱ्यात जाळं सांधणारीनं मान वर केली.
"कंडक्टर ना? खाकी नाय, म्हणून वळखलं नाय.
माजा रुपया रवला हाय तुमच्याकडं."

जैनब होडेकर.
तिकिटामागे मीच लिहून दिला होता, उतरताना घ्या,
आणि नाक्यावर गर्दी उतरली, तिच्यासकट.
साल कुठलं, ते तिलाही आठवेना.
रुपया आठवत होता.

डेपोत रोज हिशेब जुळायचा माझा.
जास्त निघाले तर 'जादा' असा रकाना होता,
त्यात भरून सही करायचो.
त्या रकान्यात कुणाचंच नाव नसायचं.

दिला रुपया. तिनं तो उलटसुलट पाहिला,
पदराच्या गाठीत बांधला,
आणि हसली वगैरे नाही.
"पल्याड जायचंय? पोरगा सोडील कर्ल्याला."

होडीत मी सवयीनं मागे उभा राहिलो.
सगळं जग एका अंगावर कललं.
"बसा वो," पोरगा ओरडला,
"हितं कोन उभा ऱ्हात नाय."
बसलो.
पाठीवर कुणाचं कोपर नाही, बगलेत पेटी नाही,
दोन हात होते, त्यांचं काय करावं कळेना.
एक पाण्यात सोडला.
मधेच त्यानं वल्हं उचलून धरलं.
"काय झालं?"
"काय नाय. भरती लागली. आता ती नेईल."

पलीकडे उतरताना दहाची नोट काढली.
त्याच्याकडे पाच सुटे नव्हते, माझ्याकडेही.
"ऱ्हाव दे," म्हणाला, "येताना द्या."

कर्ल्याहून गावात यायला बस आहे.
वेळसुद्धा मला पाठ आहे.
ती आत्ता समोरून गेली, निम्मी रिकामी.
मी हात केला नाही.
धक्क्यावर बसून आहे,
पाच रुपये द्यायचेत.